कुलवृत्तांतांत नसलेला रकाना

आपल्या लोकांना कुलवृत्तांताची हौस मोठी. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत अनेक घराण्यांनीं आपापले कुलवृत्तांत विलक्षण चिकाटीनें सिद्ध केले. कोणी पदरमोड करून गांवोगांव हिंडले, कोणीं त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या धुंडाळल्या, कोणीं भाऊबंदांना शेंकडों पत्रें धाडलीं; आणि तेव्हां कोठें सात-आठ पिढ्यांच्या वंशावळी कागदावर उभ्या राहिल्या. आमच्या घराण्याच्या ग्रंथाची दुसरी आवृत्ति माझ्या सासऱ्यांच्या हयातींत निघाली. मूळ पुरुष कोंकणांतील कोणत्या गांवाहून घाटावर आला, कोणाला किती इनाम मिळालें, कोण मुनसफ झाला, कोण काशीस जाऊन राहिला, कोणाची कन्या कोणत्या घरीं दिली, हें सर्व त्यांत आहे. जन्मशक आहे, मृत्युशक आहे. माणूस कशानें गेला हें सांगणारा रकाना मात्र नाहीं. "अल्पवयांत निधन", "अकालीं वारले" आणि "दीर्घ दुखण्यानें कालवश" या तीन वाक्प्रचारांत आमच्या घराण्यांतील दोनशे वर्षांच्या मरणांचा निकाल लावलेला आहे.

या रकान्याची उणीव आम्हांला गेल्या वर्षीं भासली. माझ्या थोरल्या दिरांची मुलगी पहिलटकरीण होती. माझ्या जाऊबाई तिच्या लहानपणींच अपघातानें गेल्या. त्यामुळें तपासणीस तिच्याबरोबर मी जात असें. सहाव्या महिन्यांत डॉक्टरीणबाईंनीं तिला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यांत कालवून प्यावयास दिलें आणि दोन तासांनीं रक्त घेतलें. शंभर मिलिलिटर रक्तरसांत १४० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक साखर निघाली तर तो गर्भारपणांतील मधुमेह समजावा, असा आपल्याकडील नियम आहे. आमच्या मुलीची १६४ निघाली. मुलगी सडपातळ, सकाळीं नेमानें फिरावयास जाणारी, मिठाईकडे ढुंकूनहि न पाहणारी. डॉक्टरीणबाईंना आश्चर्य वाटलें नाहीं, आम्हांलाच वाटलें. त्यांनीं एक कोरा कागद पुढें ओढला, त्यावर तीन ओळींत कांहीं चौकोन व कांहीं वर्तुळें काढलीं, पुरुषासाठीं चौकोन आणि बाईसाठीं वर्तुळ, आणि विचारावयास आरंभ केला. आजोबांना काय होतें? आजींना? आईच्या आईला? कोणा बाईला फार वजनदार मूल झालें होतें का? कोणाचें मूल दिवस भरत आले असतां पोटांतच गेलें होतें का?

मुलगी माझ्याकडे पाहूं लागली. चौकोन मी कसेबसे भरले. वर्तुळें बहुतेक कोरींच राहिलीं.

त्या कागदाकडे पाहतांना माझ्या मनांत आला तो भाद्रपदांतला महालय. आमच्या घरीं अजून तो होतो. पिता, पितामह, प्रपितामह. माता, पितामही, प्रपितामही. शिवाय मातामहाकडच्याहि तीन पिढ्या, नांव आणि गोत्र यांसह, उच्चारिल्या जातात. माझ्या दिरांना हीं नांवें मुखोद्गत आहेत. कागद पहावा लागत नाहीं. विवाह जुळवितांना बापाकडून सात आणि आईकडून पांच पिढ्यांपर्यंत सापिंड्य पहावें असें धर्मशास्त्र सांगतें. तेव्हां आईकडच्या रक्ताची दखल आमच्या पूर्वजांनीं घेतली नाहीं असें म्हणतां यावयाचें नाहीं. आनुवंशिक रोगांचा सल्ला देणारे आजचे डॉक्टर तरी काय विचारतात? दोन्हीं बाजूंच्या तीन पिढ्या. म्हणजे ज्या घरांत तीन पिढ्यांचीं नांवें घडाघडा म्हणतां येतात, त्याच घरांत त्याच तीन पिढ्यांविषयीं दुसरा कसलाहि प्रश्न केला तर सारे गप्प. हें केवळ विस्मरण नव्हे. हें आम्हीं जाणूनबुजून, पिढ्यान्‌पिढ्या, मोठ्या दक्षतेनें साधलेलें आहे.

आणि यांत मौज अशी कीं आम्हीं लपवूं नये तें लपविलें व लिहून ठेवावें तें हंसण्यावारी नेलें. रॉबर्ट कॉख यांनीं १८८२ सालच्या मार्च महिन्याच्या २४ तारखेस बर्लिन येथें क्षयाचा जंतु जाहीर केला. हा रोग श्वासाबरोबर एकापासून दुसऱ्यास होतो, बीजांतून येत नाहीं, हें त्या दिवसापासून उघड झालें होतें. तरीसुद्धां त्यानंतर साठ-सत्तर वर्षें आमच्या घरांतून क्षय हा "घराण्यांतला" रोग म्हणूनच समजला जाई. एकाच अंधाऱ्या माजघरांत जीं भावंडें निजत तींच एकामागून एक आजारी पडत. मग घराण्याला दोष न येईल तर काय! माझ्या आजोळीं एका मावशीला तो झाला. ती अडीच वर्षें मिरजेस होती, आणि घरीं येणाऱ्याजाणाऱ्यास "हवापालटाला गेली आहे" असें सांगितलें जाई, कारण तिच्या पाठच्या दोघी लग्नाच्या होत्या. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ सालीं लागलेला; पुढें तें औषध येथें मिळूं लागलें तेव्हां मावशी बरी झाली आणि ७९ वर्षें जगली. पण शेवटपर्यंत तिनें आपल्या आजाराचें नांव उच्चारलें नाहीं, आणि आमची आजी तर "ते दिवस" एवढेंच म्हणे.

उलट, साखर! साखरेच्या रोगाची आमच्याकडे जवळ जवळ प्रतिष्ठा होती. बिनसाखरेचा चहा मागणारा पाहुणा म्हणजे कोणी तरी पोटभर खाणारा, बैठ्या कामाचा, मोठ्या हुद्द्याचा गृहस्थ. त्याच्यासाठीं वेगळा कप येई, आणि तो देतांना यजमानीणबाईंचा आवाजहि किंचित् आदबीचा होई. माझ्या सासऱ्यांचे एक चुलते पंगतींत श्रीखंड वाढून घेतांना "आतां काय, साखरेला साखर भितें थोडीच!" असें म्हणत व सगळी पंगत हंसे. त्यांचा पाय पुढें गुडघ्याखालीं कापावा लागला. त्यांच्या मुलांपैकीं किती जणांनीं त्या हंसण्यावरून धडा घेतला तें मला ठाऊक नाहीं. घेतला असल्याचें आमच्या घरांत तरी कोणीं ऐकलें नाहीं. आणि वस्तुतः घराण्यांत उतरणारा रोग तो हाच. साधारण अंदाज असा देतात कीं आईबापांपैकीं एकाला हा मोठेपणींचा मधुमेह असला तर मुलाला जन्मांत केव्हां तरी तो होण्याचा संभव शेंकडा ४० च्या आसपास, आणि दोघांना असला तर ७० च्या घरांत जातो. ही गोष्ट आपल्या वैद्यकाला नवी नव्हती. सुश्रुतानें प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले, एक सहज म्हणजे जन्मतः बीजांतून आलेला आणि दुसरा अपथ्यानें झालेला. चरकानेंहि बीजदोषानें आलेला, कुळांतून चालत आलेला प्रमेह असाध्य ठरविला आहे. एवढें संस्कृत घरांत असून त्याचा घराला उपयोग झाला नाहीं.

डॉक्टरीणबाईंच्या कागदावरचीं वर्तुळें भरावयाचीं म्हणून मी दोनशेंपानी वही घेतली आणि घरांतील वडीलधाऱ्यांकडे जाऊन बसूं लागलें. पहिली अडचण भाषेची. जुन्या मरणांचे शब्द वाचावयास शिकावें लागतें. मुदतीचा ताप म्हणजे विषमज्वर, पटकी म्हणजे कॉलरा, घटसर्प म्हणजे डिप्थेरिया, हें सोपें. तान्ह्या मुलाचा धनुर्वात म्हणजे बहुधा नाळ कापणाऱ्या हत्याराची घाण. आणि बाळंतरोग म्हणजे सुईणीच्या हातांचा, हेंहि आतां सर्वांस कळतें. या मरणांचा पुढच्या पिढीच्या रक्ताशीं संबंध नाहीं. त्यांना एक ओळ पुरे. पण "बसल्या जागीं मान टाकली", "अर्धांग गेलें", "छातींत कळ आली आणि संपलें", "डोळे हळूहळू विझले", "अंगाला सूज येऊन गेले" या वाक्यांपाशीं थांबावें लागतें. अर्धांगवायूमागें पुष्कळदां रक्तदाब असतो. हळूहळू विझलेल्या डोळ्यांत कांचबिंदूची शंका घ्यावी, कारण आईबापांना किंवा भावंडांना कांचबिंदु असला तर आपले डोळे वेळींच तपासून घेणें शहाणपणाचें असतें. गेलेली दृष्टि त्यांत परत मिळत नाहीं. आणि काळपुळी! पाठीवर अगर मानेवर काळपुळी होऊन माणूस गेला, असें आमच्या घरांत मला चार ठिकाणीं ऐकावयास मिळालें. पूर्वीं काळपुळी हाच एक स्वतंत्र रोग समजत. ती कोणालाहि होऊं शकते. परंतु जिची जखम भरत नाहीं, जी चिघळत जाऊन जीव घेते, तिच्या मागें साखर असण्याचा संभव दांडगा. त्या चार काळपुळ्या मीं तांबड्या शाईनें लिहिल्या.

त्या चारांपैकीं एक काळपुळी माझ्या आजेसासूबाईंची होती. त्यांना मीं पाहिलेलें नाहीं. त्या १९६१ सालीं गेल्या. कुलवृत्तांतांत त्यांच्याविषयीं एक ओळ आहे: माहेरचें नांव, सासरचें नांव, चार अपत्यें. त्यांची एक मुलगी, म्हणजे माझ्या आत्येसासूबाई, सुदैवानें आज ८८ व्या वर्षीं हयात आहेत आणि त्यांची स्मृति माझ्याहून तल्लख आहे. मी वही घेऊन गेलें तेव्हां त्या प्रथम रागावल्याच. "अगं, मेल्या माणसाचीं दुखणीं कसलीं लिहितेस? पुण्याईचें कांहीं लिही." मीं मुलीची हकीकत सांगितली. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "चार नव्हे, सात लिही. माझ्या पाठीवर तीन झालीं. तिन्हीं आलीं तीं मेलेलीं."

ती सारी हकीकत त्यांनीं दोन दुपारींत सांगितली. पहिलीं चार बाळंतपणें सुखरूप. पुढच्या तीनहि खेपेला दिवस पुरते भरत आले, आणि पोटांतली हालचाल थांबली. सुईण म्हणे, असें मूल मीं पाहिलें नाहीं; तीन महिन्यांच्या पोराएवढें भरलेलें, गाल वर आलेले, आणि जीव नाहीं. आत्याबाई तेव्हां सात-आठ वर्षांच्या होत्या. दाराच्या फटीतून त्यांनीं एक पाहिलें होतें. मग त्र्यंबकेश्वरीं जाऊन नारायण-नागबळी झाला. सर्प कोणीं मारला असेल याचा शोध तीन पिढ्या मागें जाऊन झाला. पण सर्वांत दुःखाची गोष्ट पुढेंच आहे. घरांत कोणा सुनेचें डोहाळजेवण असलें कीं आजेसासूबाईंना ओटी भरावयास बोलावीत नसत. कोणी उघड बोलत नसे; त्या आपण होऊनच स्वयंपाकघरांत शिरत व पुऱ्या तळावयास बसत. "आईनें आयुष्यभर डोहाळजेवणाच्या पुऱ्या तळल्या, पण एकीचीहि ओटी भरली नाहीं," असें आत्याबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजांत तक्रार नव्हती. त्या बाईचेंच कांहीं चुकलें असलें पाहिजे हें त्या घरांत इतकें धरूनच चाललें होतें, कीं तिच्या लेकीलाहि त्याबद्दल तक्रार करतां येते हें सुचलें नव्हतें.

आणि आणखी एक. मीं विचारल्यावांचून, सहज बोलण्याच्या ओघांत, त्या म्हणाल्या कीं न्हाणीच्या मोरीपाशीं नेहमीं मुंग्यांची रांग असे. आई चुलींतली राख आणून टाकी आणि मुलांवर रागावे, गुळाचे हात येथें कोणीं धुतले?

चरकसंहितेंत प्रमेहाच्या पूर्वचिन्हांत मुंग्यांचा उल्लेख आहे. गोड झालेल्या लघवीकडे त्या धांवतात.

मुंग्या, वजनदार मृत अपत्यें आणि शेवटीं काळपुळी एवढ्यावरून ऐंशीं वर्षांमागचें निदान करणें कोणाहि डॉक्टराला मान्य होणार नाहीं, आणि मीहि तसें म्हणत नाहीं. वहींत मीं "संभव" एवढाच शब्द लिहिला आहे. पण याचा मेळ कसा बसतो तें डॉक्टरीणबाईंनीं मला समजावून सांगितलें. आईच्या रक्तांतील जादा साखर वारेंतून गर्भाकडे जाते. आईचें इन्सुलिन मात्र तिकडे जात नाहीं. मग गर्भाचें स्वादुपिंड ती साखर पचविण्यासाठीं स्वतःच अधिक इन्सुलिन तयार करूं लागतें, आणि त्यानें मूल अंगानें फार वाढतें. असें मूल शेवटच्या आठवड्यांत एकाएकीं दगावण्याचा धोका असतो. पहिलीं मुलें चांगलीं होऊन वय वाढल्यावर पुढचीं जावीं, हेंहि या रोगाच्या चालीशीं जुळतें. इन्सुलिन टोरोंटो येथें १९२१ सालीं सांपडलें व १९२२ च्या जानेवारींत प्रथम एका मुलाला दिलें गेलें. लघवी बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणांत उकळून ती हिरवी, पिवळी कीं विटकरी होते तें पाहण्याची रीतहि त्याच्या आधींपासून माहीत होती. म्हणजे त्या तीन मुलांच्या काळीं परीक्षाहि होती आणि औषधहि होतें. तालुक्याच्या गांवीं, एका मध्यमवयीन बाईपर्यंत तें पोंचलें नाहीं, इतकेंच. नागबळीसाठीं मात्र त्र्यंबकेश्वरापर्यंतचा प्रवास घडला.

हें सगळें डॉक्टरीणबाईंच्या कागदावर गेलें. त्यानें उपचार पालटला असें नाहीं. साखर १६४ असली म्हणजे जें करावयाचें तें करावयाचेंच असतें. आहारांत भात आणि पोळी मोजून, डाळ-उसळ व ताक वाढवून, जेवणानंतर पाऊण तास चालून मुलीची साखर ताळ्यावर राहिली. इन्सुलिनची वेळ आली नाहीं. मुलगी झाली, दोन किलो नऊशे ग्रॅमची. खरा उपयोग झाला तो पुढच्या काळासाठीं. गर्भारपणांत ज्या बाईला मधुमेह होतो तिला पुढें कायमचा मधुमेह होण्याचा संभव इतरांहून पुष्कळच अधिक असतो. म्हणून बाळंतपणानंतर सहा ते बारा आठवड्यांत आणि मग ठराविक वर्षांनीं जन्मभर तपासणी करावयाची असते. नुसतें "आतां साखर गेली" म्हणून बहुतेक जणी ती करीत नाहींत. आमच्या मुलीच्या डोळ्यांपुढें आतां पणजीचें वर्तुळ आहे, आणि तिनें तारखा आपण होऊन लिहून ठेवल्या आहेत.

राहिला सडपातळपणाचा प्रश्न. "आमच्या घराण्यांत कोणी लठ्ठ नाहीं, आम्हांला कसली साखर!" हें वाक्य मीं वही लिहितांना निदान दहा वेळां ऐकिलें. याचें उत्तर पुण्यांतच तयार झालेलें आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भार बायकांचा व त्यांच्या मुलांचा अभ्यास चालविला. तेथील अर्भकांचें सरासरी वजन सुमारें २.७ किलो, तर इंग्लंडांतील साउदॅम्प्टनच्या अर्भकांचें ३.५. आपलीं बाळें सर्व अंगांनीं लहान. मात्र त्वचेखालची चरबी त्या मानानें कमी नव्हती. हाडामासानें किरकोळ आणि चरबीनें भरलेला असा हा आपला देह जन्मापासूनच आहे. पुढें २००४ सालीं याच डॉक्टरांनीं स्वतःचें व एका इंग्रज सहकाऱ्याचें छायाचित्र शेजारीं शेजारीं छापून दाखविलें. दोघांचा उंचीवजनाचा निर्देशांक नेमका एकच, २२.३, पण इंग्रजाच्या अंगांत चरबी शेंकडा ९.१ आणि आमच्या डॉक्टरांच्या अंगांत २१.२! हें मीं माझ्या दिरांना दाखविलें. त्यांनीं आपल्या पोटाकडे पाहिलें आणि वर्तमानपत्र थोडें वर उचललें. पुढच्या आठवड्यांत मात्र ते निमूटपणें रक्त देऊन आले. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी जी परीक्षा आहे, तींत ६.५ च्या पुढें मधुमेह समजतात, त्यांची ६.१ निघाली. ही उंबरठ्यावरची साखर. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीप्रमाणें भारतांत मधुमेही दहा कोटींहून अधिक, आणि या उंबरठ्यावर उभे असलेले त्याहूनहि पुष्कळ जास्त आहेत. उंबरठ्यावरून मागें फिरतां येतें, हीच त्यांतली दिलाशाची बाजू. चेन्नईच्या संशोधकांनीं २००६ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत केवळ आहार व चालणें सुधारून तीन वर्षांत मधुमेह होणाऱ्यांचें प्रमाण सुमारें २८ टक्क्यांनीं उतरलें होतें.

लेकी दिल्या घरीं जातात, गोत्र बदलतें, पुष्कळ घरीं अजून नांवहि बदलतें, आणि कुलवृत्तांतांत त्यांची ओळ तेथेंच थांबते. रक्त मात्र गोत्राला विचारून थांबत नाहीं. माझ्या एका चुलतनणंदेला बेचाळिसाव्या वर्षीं स्तनाचा कर्करोग झाला. तिच्या भावाला आम्हीं सुचविलें कीं तुझ्या मुलींनीं डॉक्टरांना हें सांगावें, तर तो म्हणाला, "ती तर त्यांची आत्या. त्यांच्या आईकडे कोठें कोणाला आहे?" हा समज फार सुशिक्षित घरांतूनहि आढळतो. ज्या बीजदोषांमुळें हा रोग तरुणपणीं घरांत वारंवार दिसतो, त्यांपैकीं एक १९९४ सालीं ओळखला गेला, दुसरा पुढच्याच वर्षीं. आणि ते बापाकडूनहि लेकीला तितकेच मिळूं शकतात जितके आईकडून. बापाला पुष्कळदां कांहीं होत नाहीं, म्हणून कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. आत्या अशा वेळीं आईइतकीच जवळची असते. हृदयविकाराच्या बाबतींत डॉक्टर वय विचारतात: बाप किंवा भाऊ ५५ च्या आंत, आई किंवा बहीण ६५ च्या आंत आजारी पडली असेल तर त्याला विशेष महत्त्व. नव्वदाव्या वर्षीं छातींत कळ येऊन गेलेल्या आजोबांची हकीकत कितीहि रसाळ असली तरी वहीला ती नको असते.

घरांत या वहीला विरोध झालाच. थोरले दीर स्वभावानें शांत, तेहि म्हणाले, "तूं हें लिहितेस तें ठीक. पण उद्यां धाकट्याचें लग्न करावयाचें आहे. हें बाहेर गेलें तर?" हा प्रश्न हंसण्यासारखा नाहीं. मुलींचीं लग्नें याच कारणानें मोडलेलीं आपण सर्वांनीं पाहिलीं आहेत. अंगावरचें कोड, जें स्पर्शानें होत नाहीं, त्याच्यापायीं कितीकांचे संसार उभेच राहिले नाहींत. मला त्यांच्या भीतीचा राग आला नाहीं. पण मीं त्यांना एवढेंच विचारलें, कीं पत्रिकेंत छत्तीस गुणांपैकीं आठ गुण एकट्या नाडीला देऊन आपण संततीची काळजी करतों, आणि रक्तगट एकच निघाला म्हणून चांगलीं स्थळें नाकारतों, त्याला काय आधार आहे? रक्तगट एक असल्यानें कांहींहि बिघडत नाहीं. पत्नी आर्‌एच्‌ निगेटिव्ह व पति पॉझिटिव्ह असला तर काळजी घ्यावी लागते, पण तीहि वेळेवर दिलेल्या इंजेक्शनानें मिटते. खरी पाहण्यासारखी एक गोष्ट थॅलेसेमियाची. दोघेहि त्याचे वाहक असले तर प्रत्येक अपत्याला चारांत एक या हिशेबानें तो गंभीर रोग होण्याचा धोका, आणि वाहकाला स्वतःला बहुधा कांहींच जाणवत नाहीं. साध्या रक्तपरीक्षेनें तें कळतें. ती परीक्षा मात्र बैठकींत कोणी मागत नाहीं. देशस्थांकडे मामाची मुलगी करण्याची चाल आहे, आमच्याकडे नाहीं, एवढ्यावर आम्ही कोंकणस्थ उगीच निर्धास्त असतों.

तरीहि दिरांचें एक म्हणणें मला पटलें, आणि वहीची व्यवस्था त्याप्रमाणें केली आहे. ती छापावयाची नाहीं. वधूवरसूचक मंडळाच्या अर्जाला ती जोडावयाची नाहीं. गेलेल्यांचें जें कळेल तें लिहावें. जिवंत माणसाचें त्यानें स्वतः सांगितलें तरच. मुलगा-मुलगी एकमेकांस पसंत करतील तेव्हां तीं दोघें आपसांत बोलतील. तें बोलणें त्यांचें आहे, बैठकींतल्या मामा-काकांचें नव्हे. एका नोंदीच्या बाबतींत मीं स्वतःहि हात आखडता घेतला. आमच्या एका चुलतसासूबाई "विहिरींत पाय घसरून" गेल्या असें सांगतात. त्यांच्या धाकट्या बहिणीविषयींहि तशीच कांहीं हकीकत ऐकूं येते. मनाचे आजारहि घराण्यांतून डोकावतात, हें मला ठाऊक आहे, आणि त्यांच्या नातवाला तें कधीं तरी माहीत असावें असेंहि वाटतें. तूर्त तेथें पेन्सिलीनें एक प्रश्नचिन्ह आहे. तें शाईनें करावयाचें कीं खोडावयाचें तें त्यांच्या मुलानें ठरवावें; ते पुढच्या महिन्यांत येणार आहेत.

माझ्या पुतणीच्या आजोळचीं वर्तुळें भरण्याचें काम सर्वांत कठीण गेलें. जाऊबाई गेल्या त्याबरोबर त्या घराशीं जाणें-येणें कमी झालें होतें. पण तिच्या मामींनीं फार आपलेपणानें पत्र लिहिलें. चार पानांत तीन पिढ्या. त्यांच्यासारखें नेटकें, वयासह लिहिलेलें उत्तर आमच्या सख्ख्या भाऊबंदांपैकीं एकानेंहि धाडलें नाहीं. शेवटीं त्यांनीं विचारलें आहे कीं आमच्या घरींहि अशी वही करावयाची आहे, रकाने कोणकोणते पाडावे? मीं नांव, जन्मवर्ष, आजार, आजार सुरू झाला तेव्हांचें वय, मृत्यूचें कारण व वय, आणि सांगणाऱ्याचें नांव असे सहा कळविले; बायकांसाठीं सातवा, किती बाळंतपणें व त्यांचें काय झालें.

वहींत अद्याप अकरा जागा कोऱ्या आहेत. त्यांतल्या सहा आजेसासूबाईंच्या माहेरच्या. त्यांच्या धाकट्या भावाची सून रत्नागिरीस असते असें आत्याबाईंना परवां आठवलें, आणि त्या स्वतःहि बरोबर येतों म्हणतात. पाऊस उघडला कीं जाऊं.